मॅडम, सुट्टीत काही काम असन तं सांगजा

विदर्भात उन्हाळ्याची सुट्टी उर्वरित महाराष्ट्राहून लांब असते. 2024 मध्ये राज्यातल्या इतर शाळा 15 जूनला उघडल्या, विदर्भातल्या 1 जुलैला. 2025 मध्ये याच तारखा 16 आणि 23 जून होत्या. कारण एकच, ऊन. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणं नवलाचं नाही आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही पावसाचा भरवसा नसतो. वर्धा शहराला चिकटून वाढलेल्या पिपरी मेघेसारख्या गावात या दिवसांत सकाळी दहानंतर लेआउटचे रस्ते ओस पडतात. काही मुलं मामाच्या गावाला जातात. ज्यांचे आईवडील दोघंही कामावर जातात ती घरीच कूलरसमोर मोबाइल घेऊन बसतात. सात-आठ आठवडे असे निघून जातात.

याच दिवसांत शाळेच्या काही कामी यावं असं अनेक पालकांच्या मनात येतं. 1 मेच्या झेंडावंदनानंतर निकाल घेताना एखादी आई बोलूनही जाते, "मॅडम, सुट्टीत काही काम असन तं सांगजा." मॅडम हसून "हो, सांगीन" म्हणतात आणि विषय तिथंच राहतो. नेमकं काय मागावं हे मॅडमना त्या गर्दीत सुचत नाही, नेमकं काय देता येईल हे आईला ठाऊक नसतं. खरं तर या मदतीबद्दल आता बरंच काही माहीत झालं आहे. काय उपयोगी पडतं आणि काय फुकट जातं हे पडताळून पाहिलेलं आहे.

आधी मॅडमच्या बाजूनं पाहू. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन माणसं. एका खोलीत पहिली-दुसरी बसलेली, एकीला लिहायला देऊन दुसरीला शिकवायचं. शिवाय परिपाठ आहे, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, ऑनलाइन माहिती भरणं आहे, पुस्तकवाटप आहे, नवे प्रवेश आणि दाखले आहेत. शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये असं हाच कायदा सांगतो, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण त्यातून वगळतो. अशा शाळेत तक्ते आणि खडू कमी पडतात ते खरं, पण सर्वांत मोठी टंचाई असते ती एका मुलाशेजारी दहा मिनिटं निवांत बसू शकणाऱ्या मोठ्या माणसाची. सुट्टीत पालकांनी द्यायची पहिली मदत हीच आहे आणि बाकी सगळं तिच्या मागून येतं, असं माझं ठाम मत आहे.

या मताला आधार आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 2005-06 मध्ये एक मोठा प्रयोग झाला. मुंबईत 1995 साली सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासारखे संशोधक त्यात होते. पुढे 2019 मध्ये बॅनर्जी आणि डुफ्लो यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रयोगात काही गावांत सभा घेऊन पालकांना शाळेबद्दलचे त्यांचे हक्क आणि ग्रामशिक्षण समितीचं काम समजावलं. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांना कितपत वाचता येतं हे गावकऱ्यांनाच तपासायला शिकवलं. तिसऱ्या प्रकारच्या गावांत आणखी एक पाऊल टाकलं. गावातल्याच स्वयंसेवकांना थोडं प्रशिक्षण देऊन शाळेच्या वेळेबाहेर वाचनाचे वर्ग चालवायला सांगितलं.

नुसत्या सभांचा परिणाम शून्य झाला. पालकांचं शाळेत जाणं वाढलं नाही आणि मुलांचं वाचनही सुधारलं नाही. वाचनाचे वर्ग जिथं भरले तिथं मात्र चित्र बदललं. ज्यांना एक अक्षरही ओळखता येत नव्हतं अशी जी मुलं वर्गाला आली, त्यांच्यातली बहुसंख्य वर्षाअखेर किमान अक्षरं वाचू लागली. पण एक मेखही होती. वर्गाला आली ती गावातली थोडीच मुलं. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांतली पुष्कळ घरीच राहिली. म्हणून सुट्टीत "ज्याला यायचं तो येईल" म्हणून चालत नाही. कुणाला बोलावून आणायचं त्या मुलांची नावं मॅडमकडूनच घ्यावी लागतात, कारण कोण कुठं अडलं आहे हे त्यांनाच माहीत असतं.

दुसरा प्रयोग खास सुट्टीतलाच आहे. जून 2008 मध्ये बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यात सरकारी शिक्षकांनी महिनाभर उन्हाळी शिबिरं घेतली. मागे पडलेल्या मुलांवरच लक्ष, इयत्तेचं पुस्तक बाजूला, जिथं मूल आहे तिथून सुरुवात आणि मदतीला गावातले स्वयंसेवक. एवढ्याशा काळात मुलांच्या वाचनात स्पष्ट फरक पडला. शाळा सुरू असताना, अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत, हेच काम नीट होत नव्हतं. मला या निष्कर्षाचं फार महत्त्व वाटतं. सुट्टी म्हणजे गेलेले दिवस असं आपण धरून चालतो, पण अडलेल्या मुलासाठी वर्षातला सर्वांत मोकळा, बिनदडपणाचा काळ हाच असतो. पुस्तक संपवायचं नसतं, परीक्षा नसते आणि "तिसरीत असून हे येत नाही?" असं म्हणणारं कुणी नसतं.

आपल्याकडे या कामाला आता सरकारी चौकटही आहे. 2022 पासून महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' नावानं शाळा पूर्वतयारी अभियान चालतं. जून-जुलैत पहिलीत जाणार असलेल्या मुलांसाठी शाळेत दोन मेळावे होतात. पहिला सुट्टीआधी, एप्रिलच्या सुमारास, आणि दुसरा शाळा उघडण्याच्या वेळी. मेळाव्यात टेबलं मांडलेली असतात. एकावर नोंदणी होते, एकावर उड्या आणि चेंडू, एकावर वस्तूंचं वर्गीकरण, एकावर चित्र पाहून गोष्ट सांगणं, एकावर मोजणी. मूल टेबलामागून टेबल पार करत जातं आणि त्याला काय जमतं ते विकासपत्रावर नोंदलं जातं. शेवटच्या टेबलावर मूल उठतं आणि आई बसते. तिला पुढच्या आठवड्यांत घरी काय करून घ्यायचं ते सांगितलं जातं.

दोन मेळाव्यांमधला काळ म्हणजे नेमकी उन्हाळ्याची सुट्टी, आणि हा काळ आयांच्या हाती दिलेला आहे. शेजारच्या पाच-सहा आयांचा मातागट होतो, त्यातली एक पुढाकार घेते, तिला लीडर माता म्हणतात. गटाला आयडिया कार्ड मिळतात, फोनवर कृतींचे छोटे व्हिडिओ येतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही जमतील अशा या कृती असतात. डाळ आणि चवळी वेगळी करणं, चमचे-वाट्या लहान-मोठ्या क्रमानं लावणं, चपात्या मोजणं, रोजच्या भाजीचं नाव आणि त्याच आवाजानं सुरू होणारे आणखी शब्द शोधणं. शिकलेल्या आईनंच शिकवावं हा समज या कामात सर्वांत जास्त नडतो. राजस्थान आणि बिहारमध्ये आयांसाठीचे साक्षरता वर्ग आणि घरी करायच्या कृती यांचा एकत्र अभ्यास झाला होता. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला, तो छोटा होता, पण दिसला. मातागटानं चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. पण आपल्या बसण्यानं काही होत नाही असंही समजू नये.

पिपरी मेघेसारख्या ठिकाणी मातागट जमवणं मात्र सोपं नाही. जुन्या वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात, लेआउटमध्ये शेजारच्या फ्लॅटमधली ताई कुठं कामाला जाते हे ठाऊक नसतं. कुणी सावंगीच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात पाळीनं जातं, कुणी वर्ध्यात दुकानावर, कुणी भाड्यानं राहतं आणि वर्षभरानं निघून जातं. अशा ठिकाणी एका आईनं पुढं होऊन चार दारं वाजवणं हीच मॅडमना केलेली मोठी मदत ठरते. अंगणवाडी सेविकेला वस्तीतली सगळी बालकं माहीत असतात, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करावी. बसायची वेळ सकाळी सात ते साडेआठ. त्यानंतर ऊन मुलांना बसू देत नाही.

आता त्या दहा मिनिटांत करायचं काय, ते जवळून पाहू. समजा, तिसरीत जाणारं एक मूल आहे. त्याला एकदम गोष्टीचं पुस्तक देऊ नये. 2005 पासून देशभर होणाऱ्या 'असर' पाहणीची पद्धत कुठल्याही पालकाला वापरता येते. सोप्या चार वाक्यांचा परिच्छेद समोर ठेवायचा. मूल तो वाक्यासारखा वाचत असेल, एकेक शब्द सुटा तोडत नसेल, तर पुढं गोष्ट द्यायची. अडत असेल तर खाली उतरायचं, पाच सोपे शब्द द्यायचे, चार बरोबर आले तर शब्द येतात असं धरायचं. तेही जमलं नाही तर पाच अक्षरं. यात कुठंही "चूक" म्हणायचं नाही. मूल 'बदक', 'कमळ' झटकन वाचतं आणि 'कोंबडा' आला की 'कबडा' म्हणतं. मग कागदावर लिहायचं, "साधे शब्द येतात, ओकार आणि अनुस्वार सुटतो." एवढी एक ओळ मॅडमना निकालपत्रकावरच्या श्रेणीपेक्षा जास्त सांगते.

मग खेळ. शाळांतून चालणारा शब्दडोंगर घरीही चालतो. एका ओळीत 'आंबा', तिच्याखाली 'पिकलेला आंबा', तिच्याखाली 'मामानं आणलेला पिकलेला आंबा', मग 'मामानं आणलेला पिकलेला आंबा ताईनं लपवला'. प्रत्येक वेळी मूल एक-दोन शब्द स्वतः वाढवतं आणि अख्खी ओळ वाचून दाखवतं. चौथ्या ओळीपर्यंत तेच शब्द पुन्हा पुन्हा वाचून झालेले असतात, आणि त्याला ते कळलेलंही नसतं. गावाकडच्या मुलांचे शब्द गावाकडचेच येऊ द्यावेत. 'बंडी', 'धुरा', 'वावर' लिहिलं म्हणून मराठी बिघडत नाही, उलट वाचायला लागणारं मूल स्वतःच्या तोंडचा शब्द सर्वांत लवकर ओळखतं.

गणितासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. वर्ध्याच्या आसपास तूर निघाल्यावर तुराट्यांचे ढीग पडलेले असतात. त्यांचे बोटभर तुकडे करायचे, टोकं दगडावर घासून काढायची म्हणजे टोचत नाहीत, आणि दहा-दहाला रबर लावायचं. गठ्ठा म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. 34 मध्ये 18 मिळवायचे असले की तीन गठ्ठे चार काड्या आणि एक गठ्ठा आठ काड्या शेजारी ठेवायच्या. सुट्या काड्या बारा झाल्या, त्यातल्या दहांना मूल स्वतः रबर लावतं आणि नवा गठ्ठा बाकीच्या चारांत नेऊन ठेवतं. पाच गठ्ठे, दोन काड्या, 52. कित्येक मुलं 'हातचा एक' वर्षभर म्हणत असतात, तो एक कुठून आला हे त्यांना इथं पहिल्यांदा दिसतं. वजाबाकीत याच्या उलट, गठ्ठ्याचं रबर सोडायचं. एका आईनं सुट्टीत वर्गाला पुरतील एवढे शंभर काड्यांचे दहा-बारा संच करून पिशव्यांत भरून ठेवले, तर मॅडमचे जुलैचे दोन आठवडे हलके होतात.

हाताच्या कामाला शाळेत जागा आहे हे वर्ध्याला वेगळं सांगायला नको. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद वर्ध्यातच भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं नयी तालीमची योजना तयार केली आणि सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्यानं शाळा चालवून ती राबवून दाखवली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि त्याच्या मध्यभागी एखादा हस्तव्यवसाय. 1945 मध्ये ती कल्पना आणखी रुंदावली आणि मुलांच्या आईवडिलांचं, प्रौढांचं शिक्षणही तिच्यात आलं. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा 2005 पासून ती वाट पुन्हा चालते आहे. या परिसरातल्या पालकानं म्हणून आपलं काम कमी समजू नये. सुतारकाम करणाऱ्या वडिलांनी सुट्टीत शाळेची मोडकी बाकं दुरुस्त केली तर ती मदत झालीच. पण चौथीची चार मुलं शेजारी बसवून त्यांच्याकडून फळीची लांबी मोजून घेतली, किती स्क्रू लागतील याचा हिशेब त्यांना करायला लावला, तर तो गणिताचा तास झाला. शिवणकाम करणारी आई, पाट्या रंगवणारे काका, किराणा दुकानदार, परिचारिका, शेतकरी, प्रत्येकाजवळ असा एक तास असतो. भिंतीवर बाराखडी रंगवायची असेल तर अक्षरं मॅडमकडून आधी तपासून घ्यावीत, कारण भिंतीवरची चूक मुलं वर्षानुवर्षं वाचतात.

काही कामं मात्र पालकांनी अंगावर घेऊ नयेत. उत्तरपत्रिका तपासणं, श्रेणी भरणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे. मुलांचे आधार क्रमांक, जात, जन्मतारीख असलेली रजिस्टरं मदतीच्या नावाखाली कुणाच्या घरी जाता कामा नयेत, मॅडम कितीही थकल्या असल्या तरी. मुलाला घेऊन बसायचं तर उघड्या जागी, व्हरांड्यात किंवा अंगणात, आणखी एखादी मोठी व्यक्ती सोबत असताना. मारणं, टोचून बोलणं शाळेत कायद्यानंच बंद आहे. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. अंगणातल्या वर्गालाही तोच नियम हवा. एका मुलाची अडचण दुसऱ्याच्या आईला सांगणं हेही त्यातच आलं. मातागटात हे हमखास घडतं आणि त्यामुळेच काही आया दुसऱ्या वेळी येत नाहीत.

परवानगी मुख्याध्यापकांची घ्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालावं. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. प्रत्यक्षात बैठकीचं सूचनापत्र सहीपुरतं फिरतं असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. पण सुट्टीतला वाचनवर्ग कुठं बसेल, शाळेची किल्ली कुणाकडे राहील, पिण्याच्या पाण्याचं काय, हे प्रश्न याच समितीत सुटतात. खाजगी शाळांत 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघ आला. तिथं चर्चा बहुधा फीचीच होते, पण सुट्टीतल्या कामाचा विषय पालकांनी मांडला तर अडवणारं कुणी नाही. शाळेशी ओळख नसलेल्या, पण मदत करू इच्छिणाऱ्या लोकांसाठी 7 सप्टेंबर 2021 ला केंद्र सरकारनं विद्यांजली पोर्टल नव्यानं सुरू केलं आहे. निवृत्त बँक कर्मचारी, महाविद्यालयातली मुलं त्यावरून नाव नोंदवू शकतात.

मॅडमना विचारायचा प्रश्नही नेमका असावा. "काही काम असन तं सांगजा" यात प्रेम आहे, पण काम ठरवायचा भार पुन्हा मॅडमवरच पडतो. त्यापेक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन म्हणावं, "मॅडम, मी सोमवार-बुधवार सकाळी एक तास मोकळी आहे. माझ्या मुलीशिवाय आणखी तीन मुलं सांगा, मी त्यांना घेऊन बसते." असं विचारलं की मॅडम तिथल्या तिथं तीन नावं सांगतात. पुढं सुट्टीत रोज फोन करू नये. त्यांनाही माहेर आहे, सासर आहे, लग्नाच्या तारखा आहेत, प्रशिक्षणं आहेत. दोन आठवड्यांतून एक निरोप पुरे. स्वतःच्या मुलासाठी जास्त लक्ष मिळावं म्हणून हे करायचं असेल तर ते मुलांना आणि मॅडमना दोघांनाही लगेच कळतं. ज्या मुलाची आई येऊ शकत नाही त्याच्याशेजारी बसणारी आई मॅडमना सर्वांत जास्त हवी असते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दुसऱ्या मेळाव्याच्या आधी, वही मॅडमच्या हाती द्यावी. प्रत्येक मुलाचं एक पान. सुरुवातीला काय येत होतं, आता काय येतं, कशाला कंटाळतं, कुठली गोष्ट परत परत मागतं. मग पहिल्या दिवसांत सगळ्यांची चाचणी घेत बसण्याऐवजी मॅडमना लगेच गट पाडता येतात. शब्दाशी अडलेले एकीकडे, परिच्छेद वाचणारे दुसरीकडे. पुढंही यायची इच्छा असेल तर शनिवारची सकाळची शाळा सोयीची पडते. आणि दिवाळीच्या सुट्टीतलं काम सप्टेंबरमध्येच ठरवून घ्यावं, प्रथम सत्र संपताना मॅडम पुन्हा पेपर आणि निकालात गुंतलेल्या असतात.